कमरेचे पिस्तूल आणि मैदानाचे पिस्तूल



खंडेनवमीच्या दिवशी आपल्याकडे शस्त्रांची आणि अवजारांची पूजा होते, हे तुम्हांला सांगायला नको. शेतकरी विळा, कोयता, खुरपे धुऊनपुसून पाटावर मांडतो; सुतार करवत आणि पटाशी मांडतो. ज्याच्या घरी परवान्याचे हत्यार आहे, तो तेही मांडतो. आज मी ज्या घराची हकिकत सांगणार आहे, त्या घरच्या पाटावर कोयत्याच्या शेजारी एक लहानसे काळे पिस्तूल असते. घरचे कर्ते माझ्या जुन्या ओळखीचे. सारा गाव त्यांना आबा म्हणतो, मीही आबाच म्हणतो.

आबांची नात आमच्या महाविद्यालयात अकरावीला आहे. तिला नेमबाजीचा नाद लागला आहे. राही सरनोबतचे नाव तिने ऐकले आहे. कोल्हापूरची ही मुलगी २०१८ साली आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक घेऊन आली, हे आमच्या भागातल्या मुलींना कोणी शिकवावे लागत नाही. तेव्हा आबा एक दिवस माझ्याकडे आले, ओसरीवर बसले, चहा झाला आणि म्हणाले,

"सर, घरात पिस्तूल आहे. परवाना आहे. मग पोरीला दुसरं पिस्तूल कशाला? हेच घेऊन नेम धरायला शिकू दे की!"

प्रश्न साधा होता. पण मंडळी, साध्या प्रश्नाचे उत्तर साधे असतेच असे नाही. मी इतिहासाचा शिक्षक. काही वर्षे एन. सी. सी.चे काम केले म्हणून बंदुकीशी थोडाफार संबंध आला. मी आबांना एवढेच विचारले, "आबा, तुमच्या गोठ्यात औताचा बैल आहे. त्याला शर्यतीला जुंपाल?"

आबा हसले. म्हणाले, "नाही जुंपणार. आणि शर्यतीचा बैल औताला बी नाही जुंपणार."

अर्धे उत्तर त्यांनी स्वतःच दिले. उरलेले अर्धे आज आपण पाहू. जवळ बाळगायचे पिस्तूल आणि स्पर्धेचे पिस्तूल ही दोन्ही दिसायला सख्खी भावंडे. मग त्यांच्यात फरक कोणता, आणि तो का?

आधी यंत्र कसे चालते ते समजून घेऊ. या पिस्तुलांना अर्धस्वयंचलित म्हणतात. मुठीच्या आत, किंवा काही पिस्तुलांत चापाच्या पुढे, एक चपटी पेटी बसते. तिला मॅगझिन म्हणतात. तिच्यात काडतुसे एकावर एक रचलेली असतात आणि खालून स्प्रिंग त्यांना वर ढकलीत असते. वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, एकदा मागे ओढून सोडला, की सगळ्यांत वरचे काडतूस पुढे ढकलले जाऊन नळीच्या बुडाशी बसते. त्या जागेला चेंबर म्हणतात. चाप ओढला की गोळी सुटते. आणि सुटताना जो झटका मागे येतो, त्याच झटक्याच्या जोरावर स्लाइड आपोआप मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परत येताना नवे काडतूस चेंबरमध्ये बसवते. गोळी मात्र चाप ओढल्याशिवाय सुटत नाही. एकदा ओढला, एक गोळी. म्हणून 'अर्ध' स्वयंचलित.

आता यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण तिच्यावरच माझ्या बोलण्याचा सारा भार आहे. काडतुसे दोन जागी असू शकतात. मॅगझिनमध्ये आणि चेंबरमध्ये. मॅगझिन काढून घेतले म्हणून चेंबर रिकामे होत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. दहा वर्षांमागे खंडेनवमीलाच मी आबांच्या घरी होतो. आबांचे चिरंजीव पूजेसाठी पिस्तूल पुसायला बसले होते. त्यांनी मॅगझिन काढून बाजूला ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. मी एन. सी. सी.चा माणूस, मला कळते, असा त्यांचा समज. माझाही तोच समज होता. मी म्हणालो, "मॅगझिन काढलंत ना? मग आता काही नाही."

त्यांनी चाप ओढला. सोप्यात केवढा आवाज झाला! गोळी कोपऱ्यात रचलेल्या भाताच्या पोत्यांत घुसली. पोत्यांपासून दोन हातांवर आबांची नात, तेव्हा सहा-सात वर्षांची, झेंडूच्या फुलांची परडी घेऊन उभी होती. पोरीला काही झाले नाही. परडी तेवढी खाली पडली. कोणी कोणाला बोलले नाही. आबा उठले, पोरीला उचलून आत घेऊन गेले. पोत्यातून भाताची बारीक धार जमिनीवर पडत होती, ती मला अजून दिसते.

चूक चिरंजीवांची होती, असे मी कधी म्हणत नाही. "काही नाही" असे सांगणारा मी होतो. न पाहता सांगितले. शिकलेल्या माणसाचा शब्द गावात प्रमाण मानतात. म्हणून शिकलेल्या माणसाने तो जपून वापरावा. शिक्षकबंधूंनो, हे मी तुम्हांला नाही, स्वतःला सांगतो आहे.

असो. आता मूळ विषयाकडे वळू.

जवळ बाळगायचे पिस्तूल कोण वापरतो? सैनिक, पोलीस, आणि आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना मिळालेला एखादा नागरिक. सैन्यात आणि पोलिसांत चालणारे नऊ मिलिमीटरचे काडतूस आपल्याकडे सामान्य परवान्यावर मिळत नाही. म्हणून खाजगी परवान्याचे पिस्तूल बहुधा बत्तीस बोअरचे असते. आबांचेही तसेच.

अशा हत्याराचे आयुष्य कसे जाते, याचा विचार करा. वर्षातले तीनशे पासष्ट दिवस ते कातडी म्यानात पडून असते. घाम लागतो, धूळ जाते, पावसाळ्यात दमट होते. मालक बसतो, उठतो, जीपमधून धक्के खात जातो. आणि ज्या दिवशी लागेल त्या दिवशी तयारीला वेळ मिळत नाही. म्हणून त्याच्या अंगी चार गुण हवेत. ते हलके हवे. आखूड आणि गुळगुळीत हवे, म्हणजे कपड्यात अडकणार नाही. धूळ खाऊनही चालले पाहिजे. आणि आपले आपण सुटता कामा नये. नेमाची अचूकता? ती हवी, पण पाचव्या क्रमांकावर.

हे गुण एका दिवसात साधले नाहीत. अमेरिकेत जॉन ब्राउनिंग नावाचा एक कारागीर होऊन गेला. त्याने रचलेले पंचेचाळीस बोअरचे पिस्तूल अमेरिकन सैन्याने १९११ साली स्वीकारले आणि ते १९८५ पर्यंत त्यांचे मुख्य पिस्तूल राहिले. स्वीकारण्याआधीच्या परीक्षेत त्यातून सहा हजार गोळ्या झाडल्या. तापले की पाण्यात बुडवून थंड करीत आणि पुन्हा सुरू करीत. परीक्षा नेमाची नव्हती, दमाची होती. ते वजनाला सुमारे अकराशे ग्रॅम, आणि त्यात सात काडतुसे मावत.

ब्राउनिंग १९२६ साली वारला. त्याने हाती घेतलेले दुसरे पिस्तूल बेल्जममध्ये द्यूदोने सेव्ह या कारागिराने पुरे केले. १९३५ साली ते सैन्यासाठी तयार झाले. त्यात तेरा काडतुसे मावत. त्याचेच भावंड आपल्याकडे बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार झाले आणि आपल्या सैनिकांच्या कमरेला लागले. या पिस्तुलाच्या मूळ रचनेत एक सोय होती: मॅगझिन काढले की चाप निकामी होई. माझ्या मनात तेव्हा असेच काहीतरी ऐकीव ज्ञान असले पाहिजे. पण ही सोय सगळ्या पिस्तुलांत नसते, आबांच्या पिस्तुलात नव्हती. आणि जिथे असते तिथेही ती मोडू शकते. सोयीवर विसंबू नये, डोळ्यांवर विसंबावे.

पुढे १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक नावाचे पिस्तूल घेतले. त्याचा खालचा सांगाडा लोखंडाचा नसून प्लास्टिकच्या जातीच्या कणखर पदार्थाचा. वजन रिकामे असता सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, आणि काडतुसे सतरा. बाहेरून वेगळी खीळ नाही. चापाच्या मधोमध एक लहान पट्टी असते, बोट नीट चापावर आल्याशिवाय ती दबत नाही, आणि आत अशा योजना आहेत की पिस्तूल हातून पडले तरी गोळी सुटू नये. चाप ओढायला सुमारे अडीच किलोचा जोर लागतो. हा जोर मुद्दाम ठेवलेला आहे. जडपणा हीच तिथे राखण.

आता मैदानाकडे चला.

स्पर्धेचे पिस्तूल कमरेला लागत नाही. ते पेटीतून येते आणि पेटीतून जाते. मैदानावरसुद्धा, पंचाचा हुकूम होईपर्यंत ते मेजावर रिकामे ठेवायचे, तोंड निशाणाकडे, आणि चेंबरमध्ये रंगीत दोरी घालून, म्हणजे लांबूनही दिसावे की आत काही नाही. इथे घाम, धूळ, झटापट काही नाही. इथे प्रश्न एकच: गोळी मधोमध लागली का?

राही सरनोबत ज्या स्पर्धेत खेळते, ती कशी असते ते सांगतो. अंतर २५ मीटर. पिस्तूल बावीस बोअरचे. मुळात साठ गोळ्या. पहिल्या तीस सावकाश, पाच-पाचच्या गटांनी, प्रत्येक गटाला पाच मिनिटे. दुसऱ्या तीस घाईच्या: सात सेकंद हात खाली झुकवून थांबायचे, हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात उचलून एक गोळी मारायची, पुन्हा हात खाली. सगळे एका हाताने. पोलिसाला दोन्ही हातांनी पिस्तूल धरायला शिकवतात. इथे दुसरा हात खिशात किंवा कमरेला. पुरुषांची जी जलद स्पर्धा आहे, तीत पाच निशाणांवर पाच गोळ्या आधी आठ, मग सहा, मग चार सेकंदांत मारायच्या. विजय कुमार यांनी २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्या स्पर्धेत रौप्यपदक मिळवले.

या कामासाठी पिस्तूल कसे लागते? नियमांनी काही मर्यादा घातल्या आहेत. वजन १,४०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. चापाचा जोर १,००० ग्रॅमपेक्षा कमी नको. नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको. आणि पुढच्या माशीपासून मागच्या खाचेपर्यंतचे अंतर २२० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. या चौकटीत राहून इटली, जर्मनी, स्वित्झर्लंड इथले कारखाने नेमाची परमावधी गाठू पाहतात.

त्यातल्या तीन युक्त्या सांगतो.

पहिली युक्ती नळीची. सैनिकी पिस्तुलाचे काडतूस जोरकस असल्यामुळे, ब्राउनिंगच्या रचनेत गोळी सुटताच नळी स्लाइडबरोबर किंचित मागे सरकते आणि तिचे बूड खाली झुकते. प्रत्येक गोळीला ती हलते आणि पुन्हा जागेवर येते. ती अगदी केसभर त्याच जागी येईलच असे नाही. बावीस बोअरचे काडतूस सौम्य. त्याची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, तर नऊ मिलिमीटरची आठ ग्रॅमची आणि पंचेचाळीसची पंधरा ग्रॅमची. म्हणून बावीसच्या स्पर्धेच्या पिस्तुलात नळी सांगाड्याला पक्की जखडता येते. हलतो तो फक्त मागचा लहान भाग. शिवाय पुष्कळ पिस्तुलांत मॅगझिन मुठीत न ठेवता चापाच्या पुढे ठेवतात. त्यामुळे नळी हाताच्या रेषेत खाली येते आणि झटक्याने तोंड वर उडत नाही.

दुसरी युक्ती माशीच्या अंतराची. शिक्षकबंधूंनो, हे गणित नववी-दहावीच्या वर्गात समरूप त्रिकोण शिकवताना अवश्य घ्या. समजा, माशी आणि खाच यांच्या जुळणीत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली. २५ मीटर म्हणजे २५,००० मिलिमीटर. त्याला २२० ने भागा आणि निम्मे करा. निशाणावर चूक पडली सुमारे ५७ मिलिमीटर. आता कमरेचे आखूड पिस्तूल घ्या. माशी आणि खाच यांच्यातले अंतर १५० मिलिमीटर धरू. पुष्कळ लहान पिस्तुलांत याहूनही कमी असते. पुन्हा भागा आणि निम्मे करा: सुमारे ८३ मिलिमीटर. सावकाश फेरीच्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ पन्नास मिलिमीटर व्यासाचे, आणि पुढचे प्रत्येक कडे पंचवीस मिलिमीटर रुंदीचे. म्हणजे चूक तीच, हात तोच. पण एका पिस्तुलाने आठ गुण मिळाले, दुसऱ्याने सात. साठ गोळ्यांत हे किती होईल, ते मुलांकडून करवून घ्या.

तिसरी युक्ती चापाची. ही सर्वांत महत्त्वाची. सव्वासहाशे ग्रॅमचे पिस्तूल हातात आहे आणि चाप ओढायला अडीच किलो जोर लागतो आहे. वस्तूच्या वजनाच्या चौपट जोर एका बोटाने त्याच वस्तूवर लावायचा आणि ती हलू द्यायची नाही! तराजूच्या काट्यावर बोट दाबून काटा स्थिर ठेवा म्हणण्यासारखेच आहे. स्पर्धेचे पिस्तूल किलोहून थोडे जड आणि चाप एक किलोचा. जोर वजनाच्या बरोबरीने आला. आता बोटाला समजू शकते की चाप कुठवर आला आहे, कुठे सुटेल. शिवाय मूठ लाकडाची, खेळाडूच्या पंजाच्या मापाने कोरलेली. दुसऱ्याच्या हातात ती बसत नाही. जशी एकाची चप्पल दुसऱ्याच्या पायात.

तर मग या दोघांची अदलाबदल केली तर काय होईल?

आबांचे पिस्तूल मैदानावर नेले, तर फक्त गुण जातील. तेही खरे तर मैदानावर घेणार नाहीत. बोअर बसत नाही, आणि परवाना आबांच्या नावावर आहे, नातीच्या नाही. परवाना हा माणसाला असतो, घराला नसतो. पण उलट केले तर? हलक्या चापाचे, बाहेर आलेल्या मुठीचे, लांब माशीचे स्पर्धेचे पिस्तूल कोणी कमरेला लावले, तर ते काढताना अडकेल आणि अडकताना सुटेल. मैदानावर जो गुण, तोच कमरेला दोष. कमरेला जी राखण, तीच मैदानावर अडचण.

एकाच पिस्तुलाने दोन्ही करावे, असा प्रयत्नही झाला आहे. अमेरिकेत सैनिकी पंचेचाळीस बोअर घेऊन लोक निशाणबाजीच्या सामन्यांत उतरू लागले. कारागिरांनी त्याचे ढिले जोड घट्ट केले, नळी नेमकी बसवली, चाप हलका आणि स्वच्छ केला. नेम सुधारला. पण सैनिकी पिस्तुलाचे जोड ढिले होते ते काही आळसाने नव्हे. चिखल-माती गेली तरी भाग सरकावेत म्हणून त्यात जागा ठेवलेली. जागा काढून घेतली, तेव्हा पिस्तूल नाजूक झाले. त्याला स्वच्छता हवी, निवडक काडतूस हवे. बैलाला शर्यतीचे केले, तो औताचा राहिला नाही.

आणि नाजूकपणाची किंमत मैदानावरही द्यावी लागते. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकर हिच्या हवेच्या पिस्तुलात ऐन स्पर्धेत बिघाड झाला. दुरुस्तीत वेळ गेला, उरलेल्या गोळ्या घाईने माराव्या लागल्या आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. त्याच मुलीने २०२४ साली पॅरिसला हवेच्या पिस्तुलाची दोन कांस्यपदके मिळवली. एक एकटीने, एक सरबज्योत सिंगबरोबर. मैदानावर बिघाड झाला तर पदक जाते. पुन्हा चार वर्षांनी मिळू शकते. पोलिसाचे पिस्तूल अडले तर पुढची चार वर्षे मिळतीलच असे नाही. म्हणून दोघांचे हिशेब वेगळे.

हे सगळे मी आबांना दोन-तीन बैठकांत सांगितले. त्यांना पटले. फार पटले, म्हणा ना! तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "सर, ओढ्याकडचा तुकडा काढतो. सगळ्यांत भारी कुठलं, ते तुम्ही लिहून द्या."

परदेशी बनावटीचे स्पर्धेचे पिस्तूल काही लाखांत जाते. मी म्हणालो, "आबा, तुकडा राहू द्या. सगळ्यांत भारी असं पिस्तूल नसतंच. आणि असलं तरी ते हाताला शहाणपण देत नाही."

मग मी त्यांना दोन माणसांच्या हकिकती सांगितल्या. त्या तुम्हांलाही सांगतो.

हंगेरीत कारोय ताकाच नावाचा सैनिक होता. उत्तम पिस्तूल नेमबाज. १९३८ साली हातबाँब हातातच फुटला आणि उजवा हात कामातून गेला. ज्या हाताने नेम धरायचा तोच गेला. त्याने कोणाला न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला. १९४८ साली लंडनला आणि १९५२ साली हेलसिंकीला जलद पिस्तुलाचे ऑलिंपिक सुवर्णपदक त्याने डाव्या हाताने जिंकले.

दुसरा माणूस सोविएत रशियातला मिखाईल मारगोलिन. तरुणपणीच दृष्टी गेलेला. पूर्ण आंधळा. या माणसाने बावीस बोअरचे अर्धस्वयंचलित स्पर्धेचे पिस्तूल रचले, आणि ते जगभर वापरले गेले. ज्या हत्याराचे सगळे सार नेमात, ते ज्याला नेम दिसत नाही अशा माणसाने बोटांनी चाचपून घडवले. प्रत्येक भागाचे काम काय, हे त्याला डोळसांपेक्षा जास्त स्पष्ट होते, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

हे ऐकून आबा बराच वेळ गप्प बसले. मग विचारले, "मग सुरुवात कशानं?"

सुरुवात हवेच्या पिस्तुलाने. ते अर्धस्वयंचलित नसते. एका वेळी एकच छर्रा, पुन्हा भरायचा. अंतर दहा मीटर. दारू नाही, मोठा आवाज नाही, झटका नाही. चापाचा जोर पाचशे ग्रॅमपेक्षा कमी नसावा, असा नियम. दहा गुणांचे वर्तुळ केवळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. उभे कसे राहावे, श्वास कुठे थांबवावा, चाप कसा दाबावा, हे सारे तिथे शिकता येते. आणि पहिल्या दिवशीच स्वतःचे पिस्तूल घ्यावे लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी नेमबाजीचे क्लब असतात, तिथले वापरता येते. वर्ष-दोन वर्षे हात टिकला, गुण वाढले, मग मुलीचा पंजा पाहून, शिक्षकाचा सल्ला घेऊन, रीतसर कागदपत्रे करून बावीस बोअरचा विचार करावा. तेव्हाही दुकानात "भारी कुठलं?" असे विचारू नये. "हिच्या हातात बसतं कुठलं?" असे विचारावे.

ओढ्याकडचा तुकडा अजून आबांचाच आहे. नात दर रविवारी सकाळच्या एस. टी.ने रेंजवर जाते. तिचे गुण अजून सांगण्यासारखे नाहीत, असे तीच सांगते. मला त्यात समाधान वाटते. जिला स्वतःचे गुण खरे मोजता येतात, तिचे काम अर्धे झाले.

जाता जाता, ज्यांच्या घरी हत्यार आहे त्यांना, आणि ज्यांच्या वर्गात अशा घरांतली मुले आहेत त्यांना, एक विनंती. पिस्तूल कमरेचे असो की मैदानाचे, हा एक नियम दोघांनाही सारखा आहे. हातात घेतले की ते भरलेलेच आहे असे समजा. तोंड कोणाकडे, कशाकडे आहे ते पाहा. बोट चापाच्या बाहेर ठेवा. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून काडतूस बाहेर पडू द्या, मग उजेडात चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा, बोटानेही चाचपा. क्रम उलटा करू नका. स्लाइड आधी ओढली आणि मॅगझिन मागून काढले, तर चेंबर पुन्हा भरलेले राहते. मुलांना सांगा, की सापडलेल्या हत्याराला हात लावायचा नाही, मोठ्या माणसाला बोलवायचे. आणि सणावाराला हवेत बार काढण्याचा मोह कोणाला झाला, तर २०१९ च्या दुरुस्तीपासून तो तुरुंगवासाचा गुन्हा आहे, हेही सांगा.

गेल्या खंडेनवमीला मी पुन्हा आबांच्या घरी गेलो होतो. पाटावर विळा होता, कोयता होता, नातीची वही होती, तिच्या निशाणाचा एक भोके पडलेला कागदही होता. पिस्तुलाला हात लावायच्या आधी नातीने सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितले. मग आबांनी पिस्तूल भिंतीकडे तोंड करून धरले, मॅगझिन काढले, स्लाइड मागे ओढून अडकवली आणि पुढे केले. ती वाकली, आत पाहिले आणि म्हणाली, "रिकामं आहे."

मग माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही पण बघा."

मी चष्मा पुसला, पुढे झालो आणि पाहिले.